मामा, 'मोट' म्हणजे काय?

जयपूरहून आग्ऱ्याच्या रस्त्याला लागले की घाटातील जुन्या बागा आणि छत्र्या मागे पडतात, डोंगर बाजूला सरतात आणि पंधराएक किलोमीटरवर कानोता येते. थांबलेच पाहिजे असे हे गाव प्रवाशांच्या यादीत सहसा नसते. आग्ऱ्याला निघालेल्यांना ताजमहालाची घाई असते, जयपूरला येणाऱ्यांना हवामहालाची. आम्हीही थांबलो ते केवळ चहासाठी.

बरोबर आई होती आणि सहावीत शिकणारी भाची. तिच्या हातात राजस्थानच्या किल्ल्यांवरचे एक इंग्रजी पुस्तक होते. चहा येईपर्यंत तिने पान उघडले आणि विचारले, "मामा, मोट म्हणजे काय?"

मी तोंड उघडण्याआधी आईच म्हणाली, "अगं, मोट ठाऊक नाही तुला? विहिरीवर बैल जुंपून पाणी काढायची कातड्याची मोठी पिशवी. माझ्या वडिलांच्या मळ्यात दोन मोटा चालायच्या. बैल धावेवरून खाली गेले की मोट वर यायची आणि थारोळ्यात पाणी ओतायची."

"पण आजी, इथे तर लिहिलंय की किल्ल्याच्या भोवती मोट असते!"

"किल्ल्याभोवती कशाला मोट फिरवतील? काहीतरीच!"

पुस्तकातला इंग्रजी शब्द पाहून मला हसू आवरेना. "आई, ही इंग्रजी मोट. म्हणजे खंदक." आमचा गाडीवान शेजारी उभा राहून ऐकत होता. तो म्हणाला, "माताजी, हमारे यहाँ इसे खाई कहते हैं."

चहाच्या तीन पेल्यांभोवती एकाच वस्तूचे तीन शब्द जमले होते. आम्ही पुढे भरतपूरला मुक्कामाला निघालो होतो आणि भरतपूर म्हणजे खंदकाचेच गाव. तेव्हा ठरवले, या प्रवासात एका शब्दाचा माग काढायचा.

कानोत्याचे ठाकूर

आधी कानोत्याविषयी. जयपूर संस्थानात सरदारांच्या जहागिरीला 'ठिकाणा' म्हणत. कानोता हे चांपावत राठोडांचे ठिकाण. हे घराणे मूळचे मारवाडातले. जयपूरचे महाराजा दुसरे रामसिंह यांच्या काळात त्यातील तीन भाऊ दरबारात मोठ्या पदांना चढले. त्यांची तीन ठिकाणी म्हणजे कानोता, नायला आणि गोंधेर. कानोता जोरावरसिंहांकडे आले. गावातील त्यांचा गढ आजही उभा आहे.

या घराण्यातले सर्वांत नामांकित पुरुष म्हणजे जोरावरसिंहांचे नातू अमरसिंह. पेशाने घोडदळातील अधिकारी. पण त्यांचे नाव राहिले ते तलवारीमुळे नव्हे, लेखणीमुळे. १८९८ साली त्यांनी इंग्रजीतून रोजनिशी लिहायला घेतली आणि १९४२ साली मृत्यू येईपर्यंत ती लिहिली. चव्वेचाळीस वर्षे, एकोणनव्वद खंड! त्यातील पहिल्या काही वर्षांचा निवडक भाग २००० साली अमेरिकेतील रुडॉल्फ दांपत्य आणि कानोता घराण्याचे मोहनसिंह यांनी ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. गढाच्या भिंतीआड सासू-सुना कशा वागत, बापलेकांत काय बोलले जाई, इंग्रज अधिकारी देशी अधिकाऱ्याला कसे वागवत, हे सारे त्यात आहे. भिंती आणि खंदक बाहेरच्यांना आत येऊ देत नाहीत. अमरसिंहांनी मात्र आतले सारे बाहेरच्यांसाठी लिहून ठेवले.

ढिगाचा झाला खड्डा

गाडी बस्सी, दौसा मागे टाकत होती आणि भाचीचे प्रश्न काही संपत नव्हते. "खंदक मराठी शब्द आहे का?"

आहे आणि नाही. फारसीत 'कंदन' म्हणजे खणणे. त्यावरून खणलेल्या चराला जुन्या इराणी भाषेत जो शब्द होता, तो अरबांनी उचलला आणि त्याचा 'खंदक' केला. इस्लामच्या इतिहासात इ. स. ६२७ ची मदिनेची लढाई 'खंदकाची लढाई' म्हणूनच ओळखली जाते. शहराच्या उघड्या बाजूला चर खणण्याची कल्पना पैगंबरांना सुचवली ती सलमान फारसी यांनी, म्हणजे एका इराणी माणसानेच, असे परंपरा सांगते. पुढे हा शब्द फारसीतून आपल्याकडे आला आणि मराठी गडकोटांत तट, बुरूज यांच्या पंगतीला बसला.

पण त्याला पुरता परका तरी कसे म्हणावे? संस्कृतातील 'खन्' आणि फारसीतील 'कंदन' हे एकाच कुळातले धातू, असे भाषापंडित मानतात. त्याच 'खन्'वरून आपले खणणे, खाण, खनिज आले आणि खंदकाचा जुना संस्कृत शब्द 'परिखा'ही आला. परिखा म्हणजे भोवती खणलेली. गाडीवानाची खाई त्याच घरातली. म्हणजे खंदक हा फार वर्षे परदेशी राहून घरी परतलेला आपला चुलतभाऊच म्हणायचा.

इंग्रजी 'मोट'ची गोष्ट याहून गमतीची आहे. हा शब्द आला जुन्या फ्रेंच भाषेतून आणि तिथे त्याचा अर्थ खड्डा नव्हे, तर मातीचा उंचवटा! जुने सरदार मातीची टेकडी रचून तिच्यावर गढी बांधत. टेकडीसाठी माती लागे, ती तिच्याच भोवती खणून काढत. त्यामुळे टेकडीभोवती आपोआप चर तयार होई. टेकडीचे नाव हळूहळू चराला चिकटले.

"म्हणजे ढिगाचं नाव खड्ड्याला?" भाचीला हे फारच आवडले.

यात शहाणपणही आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात हेच काम हिशेबाने सांगितले आहे. दुर्गाभोवती एक नव्हे, तीन परिखा खणाव्यात. रुंदी अनुक्रमे चौदा, बारा आणि दहा दंड. दंड साधारण सहा फुटांचा धरला तर सर्वांत रुंद परिखा सुमारे चौऱ्याऐंशी फूट भरते. त्यांत पाणी असावे, कमळे असावीत आणि सुसरी-मगरीही असाव्यात. खणून निघालेल्या मातीचा आत तट रचावा. खड्डा आणि भिंत ही दोन कामे नव्हेतच. एकाच कुदळीच्या घावाने दोन्ही होतात. विहीर खणणाऱ्याला आणि शेताला बांध घालणाऱ्याला हे सांगावे लागत नाही.

आखूड पडलेला पूल

भरतपूरला पोहोचलो तेव्हा ऊन कलले होते. लोहागडाच्या दाराशी पूल आहे आणि पुलाखाली खंदक. त्याचे नाव मोठे सुंदर, सुजान गंगा! जाट राजा सूरजमल यांनी अठराव्या शतकात हा किल्ला उभारला. डोंगर नाही, कडा नाही, सपाट मैदान. म्हणून सारा भरवसा मातीवर आणि पाण्यावर. आत लोहागड व त्याची सुजान गंगा; आणि त्याबाहेर साऱ्या शहराला वेढणारा मातीचा प्रचंड तट, त्याला वेगळा खंदक. मातीच्या तटावर तोफेचा गोळा आदळला की भिंत फुटत नसे, गोळाच मातीत रुतून बसे.

मराठी माणसाने येथे थोडे थांबावे असा इतिहास आहे. १८०४ च्या अखेरीस यशवंतराव होळकर इंग्रजांशी लढत लढत भरतपूरच्या आश्रयाला आले. राजा रणजितसिंहांनी त्यांना आसरा दिला. पाठोपाठ जनरल लेक फौज घेऊन आला. दिल्ली आणि आग्रा जिंकलेला हा सेनापती. मातीच्या तटाची त्याला काय मातब्बरी?

१८०५ च्या जानेवारीत पहिला हल्ला झाला, तो फसला. दुसऱ्या हल्ल्याच्या वेळी इंग्रजांनी खंदकाची रुंदी आधी टेहळून घेतली आणि त्या मापाचा उचलून नेण्याजोगा पूल बरोबर घेतला. पण आतल्यांनी खंदकात बांध घालून पाणी तुंबवले आणि वरून आणखी पाणी सोडले. पूल टाकायला जावे तर तो आखूड पडला! तटावरून गोळ्यांचा पाऊस पडत होता आणि पाण्याच्या काठावर अडकलेले शिपाई टिपले जात होते. फेब्रुवारीत लागोपाठ दोन दिवस आणखी दोन हल्ले झाले. चारही फसले. इंग्रजांचे मेलेले आणि जखमी मिळून तीन हजारांहून अधिक माणसे गेली. अखेर तह झाला, होळकरांना भरतपूर सोडावे लागले; पण किल्ला पडला नाही.

"मग कधीच पडला नाही?" भाचीने विचारले.

पडला. आणि का पडला, ते खरे ऐकण्याजोगे आहे. वीस वर्षांनंतर, १८२५ च्या डिसेंबरात लॉर्ड कॉम्बरमिअर आला. त्याने आधी तटाकडे पाहिलेच नाही. खंदकाला पाणी येत होते ते शहराबाहेरच्या मोती झील या तलावातून. त्याने पहिल्याच दिवसांत त्या तलावाचा बांध ताब्यात घेतला आणि खंदकात पाणी सोडू दिले नाही. मग सावकाश तोफा लावल्या, तटाखाली सुरुंग खणले आणि १८ जानेवारी १८२६ रोजी भरतपूर घेतले. तट तोच, मातीही तीच. फरक पडला तो गावाबाहेरच्या एका बांधामुळे.

पुलाच्या कठड्याशी उभे राहून आम्ही खाली पाहिले. पाणी हिरवट, संथ. काठाला प्लॅस्टिकच्या पिशव्या. शहराच्या सांडपाण्याने सुजान गंगेची दशा झाली आहे, तिच्या सफाईच्या योजनाही वेळोवेळी निघाल्या आहेत. "यात मगरी होत्या का?" भाचीने विचारले. आई म्हणाली, "होत्या असतील तर त्याही पळाल्या असतील या वासाने."

आमच्या भीतीने खणलेले

रात्री धर्मशाळेच्या गच्चीवर बसलो असता एक विचार मनात आला. माणूस खंदक खणतो तो कोणाला तरी भिऊन. मग मराठ्यांना भिऊन कोणी खंदक खणले का?

खणले की! १७४२ साली नागपूरकर रघूजी भोसल्यांचे सेनानी भास्करराम बंगालवर चालून गेले, तेव्हा कलकत्त्याचे रहिवासी हादरले. त्यांनी शहराभोवती सात मैलांचा चर खणायला घेतला. साधारण तीन मैल खणून झाला. मराठे काही कलकत्त्यावर आले नाहीत आणि काम तसेच पडले. पुढे १७५६ साली कलकत्ता पडले, पण ते सिराजउद्दौल्याकडून. ज्यांच्यासाठी चर खणला ते आलेच नाहीत. जे आले त्यांना तो अडवू शकला नाही. १७९९ साली तो बुजवून वर रस्ता केला. पण बागबाजार भागातल्या एका गल्लीला आजही 'मराठा डिच लेन' म्हणतात. खड्डा गेला, भीतीचे नाव उरले.

मुंबईतही तेच. १७३९ साली चिमाजीअप्पांनी वसई घेतली आणि मुंबईच्या इंग्रजांची झोप उडाली. कोटाभोवती खंदक खणायचे ठरले आणि शहरातील व्यापाऱ्यांनी त्यासाठी तीस हजार रुपये वर्गणी दिली. पुढे १८६० नंतरच्या दशकात कोटाच्या भिंती पाडल्या, खंदक बुजला. आज 'फोर्ट'मध्ये नोकरीला जाणाऱ्यांपैकी किती जणांना ठाऊक असेल की या भागाचा खंदक एके काळी आपल्याच पूर्वजांच्या धास्तीने खणला होता!

आपल्याकडचे खंदक तर अनेकांनी पाहिलेले आहेत. देवगिरीचा कातळ फोडून केलेला खंदक पाहिला की मान खाली घालूनही तळ नीट दिसत नाही. अहमदनगरच्या भुईकोटाभोवतीचा रुंद खंदक पाहताना चांदबिबी आठवते आणि १९४२ नंतर तिथे कैदेत बसलेले पंडित नेहरूही. रायगड-राजगडाला मात्र असल्या खटाटोपाची गरज नव्हती. सह्याद्रीने तिथे खणण्याचे काम आधीच करून ठेवले होते. खंदक लागतो तो सपाटीवर राहणाऱ्याला.

तोच शब्द, दुसरे युद्ध

परतीच्या वाटेवर पुन्हा कानोता आले. पुन्हा तोच चहा. आणि मला अमरसिंहांची आठवण झाली, कारण या शब्दाचे आणखी एक वळण त्यांच्या आयुष्यातून गेलेले आहे.

१९१४ साली महायुद्ध पेटले आणि हिंदी फौज फ्रान्सला गेली. अमरसिंह तिच्याबरोबर होते; नंतर ते मेसोपोटेमियातही गेले. जिथे त्यांच्या पूर्वजांनी घोडा फेकला असता, तिथे आता माणसे महिनोन्महिने चिखलाच्या चरांत बसून होती. किल्ला नाही, तट नाही, नुसता खंदकच. मराठी वर्तमानपत्रांनी त्या चरांना हाच जुना शब्द दिला. मेसोपोटेमियात कुतच्या वेढ्यात सापडलेल्या फौजेत मराठा पलटणीही होत्या. १९१६ च्या एप्रिलमध्ये अन्न संपल्यावर त्या फौजेला शरण जावे लागले. सातारा-रत्नागिरीकडच्या कित्येक घरांत 'खंदक' हा शब्द तेव्हा किल्ल्यातून नव्हे, पत्रांतून शिरला असेल. पूर्वी खंदक शत्रूला दूर ठेवी. आता माणूस स्वतःच त्यात उतरला होता.

आजही हा शब्द निरनिराळे कपडे घालून भेटतो. देश युद्धाच्या खाईत लोटले जातात, माणसे कर्जाच्या खाईत. शेअरबाजारात रस असणाऱ्यांनी वॉरन बफे यांच्या तोंडची इंग्रजी 'मोट' ऐकली असेल. ज्या धंद्याभोवती प्रतिस्पर्ध्याला ओलांडता येणार नाही असा खंदक आहे, त्यात पैसे घालावेत, असे ते सांगतात. ऐकायला पटते. पण भरतपूर पाहून आलेल्याने एक प्रश्न जरूर विचारावा : या खंदकाला पाणी कुठून येते, आणि तो बांध कोणाच्या हातात आहे?

धंद्यालाच कशाला, घरालाही हा प्रश्न लागू आहे. आपण दाराला जाळी लावतो, कुंपण घालतो, शेजाऱ्याशी बोलणे कमी करतो आणि सुरक्षित झालो असे मानतो. पण दूधवाला, भाजीवाली, अडीनडीला धावणारा तोच शेजारी हे सारे त्या कुंपणाबाहेरचे. भरतपूरच्या किल्ल्याचा प्राण जसा बाहेरच्या तलावात होता, तसा घराचा जीवही थोडाफार बाहेरच असतो. बाहेरच्यांशी नाते तुटले की आतला खंदक कोरडा पडायला वेळ लागत नाही.

आई इतका वेळ गप्प होती. पेला खाली ठेवत ती म्हणाली, "म्हणजे तुमची इंग्रजी मोट नि माझी मोट अगदीच परक्या नाहीत रे. पाण्यावाचून दोन्ही कोरड्याच."

"आणि दोन्हींसाठी खणावं लागतं," भाचीने भर घातली.

"हो. पण माझी मोट खालचं पाणी वर आणून वाटायची. एका विहिरीवर आम्ही चार भाऊबंद पाळीपाळीने भिजवणं करायचो. पाळीवरून भांडणं व्हायची, पण विहीर एकच, म्हणून पुन्हा बोलावंच लागायचं. तुझ्या त्या खंदकातलं पाणी कोणी कोणाला देत नव्हतं."

गाडीवानाने मोट म्हणजे काय ते विचारले. मी हातवारे करून बैल, दोर, कातड्याची पिशवी असे वर्णन केले. त्याचा चेहरा उजळला. "अच्छा, चड़स!" तो म्हणाला. त्याच्याही आजोबांच्या विहिरीवर चड़स चालत असे. मग पुढचा अर्धा तास तो आणि आई, एक मोडक्या मराठी-हिंदीत आणि दुसरा आपल्या ढुंढाडी बोलीत, बैलांच्या जोड्या, दोरांचा पीळ आणि आटलेल्या विहिरी यांविषयी बोलत राहिले. काल सकाळी 'माताजी' म्हणून चार हात दूर उभा राहणारा तो माणूस आता बाकावर शेजारी बसला होता.

कानोत्याला जायचे असेल तर ऑक्टोबर ते मार्च हा काळ चांगला. जयपूरहून आग्ऱ्याच्या रस्त्याने बसने किंवा मोटारीने अर्ध्या-पाऊण तासात पोहोचता येते. पुढे भरतपूरला मुक्काम ठेवला तर लोहागडाबरोबर केवलादेवचे प्रसिद्ध पक्षी अभयारण्यही पाहता येते.

जयपूर जवळ आले तेव्हा भाचीने वहीत लिहिलेले मला दाखवले. एका ओळीत इंग्रजी शब्द, त्यासमोर 'खंदक, खाई, परिखा'. त्याखाली तिने स्वतःच्या मनाने आणखी एक ओळ लिहिली होती : 'मोट : आजीची. पाणी वाटायची. राजस्थानात चड़स.' मी दोन्ही ओळी तशाच राहू दिल्या.